पुढची बोट येईपर्यंत

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या बेटावर झालेल्या आरोग्य शिबिराचा अहवाल छापून आला. त्यात तपासलेल्या रुग्णांचा आकडा आहे, वाटलेल्या औषधांची यादी आहे, सगळ्या डॉक्टरांची नावं आहेत आणि धक्क्यावर उभे राहून काढलेला आमचा फोटो आहे. शेवटाकडे एक ओळ आहे, 'स्थानिक कार्यकर्त्यांचे मोलाचे सहकार्य लाभले.' म्हणजे तुम्ही. ते वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं.

तुमचं नाव लिहीत नाही, बेटाचंही नाही. अट तुमचीच. एवढ्याशा वस्तीत 'क्षयाच्या गोळ्या घेणारे आजोबा' म्हटलं तरी कोण ते लहान पोरंही सांगतील, असं तुम्ही आल्याआल्याच बजावलं होतंत. फोटो काढायला सरसावलेल्यांनाही तुम्ही दारातच थोपवलंत. काहीजणांना ते लागलं. मला मात्र बरं वाटलं. अंगावरचा सदरा काढून बसलेल्या माणसाचा फोटो कुठे छापला जाणार आहे, हे त्याला कोणी विचारत नाही.

मी औषधांच्या टेबलावर बसणारा. शिबिरात या टेबलाला फारसा मान नसतो. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, आपण गोळ्या मोजायच्या आणि 'सकाळी एक, जेवणानंतर' एवढं सांगून पुढच्याला हाक मारायची. तुम्ही मात्र स्टूल ओढून माझ्याच शेजारी बसलात. का, ते थोड्याच वेळात कळलं. रक्तदाबाच्या एका रुग्णाच्या हातात 30 गोळ्या ठेवल्या, तेव्हा तुम्ही मला हळूच विचारलंत, "आणि एकतिसाव्या दिवशी?"

मग तुमची ती वही उघडली. घराची खूण, औषधाचं नाव, किती उरलं, ते पुढे कुठल्या दवाखान्यातून येतं, आणायला कोण जाणार. रक्तदाब दुखत नाही. गोळ्या संपल्या म्हणून समुद्र ओलांडून दुसरी पट्टी आणायला कोणी जात नाही, आणि समुद्र खवळला की जाणाऱ्यालाही जाता येत नाही. त्यातून काही गोळ्या अशा की अचानक तोडल्या तर घात करतात. अ‍ॅटेनोलॉल एकाएकी बंद केली की नाडी आणि रक्तदाब उसळू शकतो, हृदयविकार असलेल्याच्या छातीत दुखू लागतं. हे मी पुस्तकात शिकलोय. तुम्ही ते माणसांत पाहिलं होतंत. म्हणून तुमचा हट्ट: जी गोळी पुढे मिळत राहण्याची खात्री नाही, ती शिबिरात सुरूच करायची नाही, आणि जी द्यायची ती पुढची बोट येईपर्यंत पुरेल एवढी, वर थोडी जास्त. डॉक्टरांनी दोन चिठ्ठ्या तुमच्या सांगण्यावरून बदलल्या. अहवालात हे नाही.

एक आजी पिशवीतून दोन पाकिटं काढून दाखवत होत्या, एक निळं, एक पांढरं. दोन कंपन्या, दोन नावं, आत औषध एकच. त्या दोन्ही घेत होत्या, चक्कर येते म्हणून आल्या होत्या. तुम्ही दुपारभर घरोघरी फिरून अशा पिशव्या गोळा करून आणल्यात आणि आपण दोघांनी त्या जमिनीवर ओतून निवडल्या. तारीख उलटलेल्या औषधांचा ढीग मोठा झाला. त्यातलं बरंचसं आधीच्या कुठल्या तरी शिबिरात दान म्हणून आलेलं. जागतिक आरोग्य संघटनेने 1996 सालीच औषधांच्या दानाचे नियम घालून दिलेत, त्यात पोचल्यावर निदान वर्षभर तरी मुदत शिल्लक हवी असं स्पष्ट म्हटलंय. दान करणाऱ्याला पुण्य, आणि विल्हेवाट बेटाच्या माथी! तुम्ही तो ढीग, वापरलेल्या सुयांचा डबा आणि आमचा सगळा कचरा आमच्याच बोटीत चढवून दिलात. छान केलंत.

लसीकरणाच्या दिवसाबद्दल लिहिलंच पाहिजे. फ्रीझरमधून काढलेले आईस पॅक डब्यात भरायला आमच्यातले दोघं घाई करत होते. तुम्ही एकेक पॅक उचलून कानाशी धरून हलवत होतात. आत पाणी खुळखुळलं की तो डब्यात, नाहीतर परत टेबलावर. तोवर सगळे थांबलेले. लस उन्हाने बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. गोठूनही बिघडते, याचा शिकलेल्यांनाही विसर पडतो. धनुर्वाताची, हिपॅटायटिस बीची लस 2 ते 8 अंशांतच राहायला हवी, एकदा गोठली की कामातून गेली. उष्णता जास्त झाली तर कुपीवरचा छोटा चौकोन गडद होऊन तसं सांगतो. गोठल्याचं तो काहीच सांगत नाही.

मग गोवराची कुपी. पावडरीत द्रव मिसळला की सहा तासांत किंवा सत्र संपेल तेव्हा, जे आधी होईल तेव्हा ती टाकायची. समोर दोनच मुलं, कुपीत दहा डोस. फोडायची की नाही, यावर कुजबुज सुरू झाली. "फोडा. बाकीची मी आणते," म्हणालात आणि किनाऱ्याकडे निघालात. भरतीबरोबर होड्या परत यायची वेळ होती, बायका पोरांना घेऊन तिथेच असणार हे तुम्हाला माहीत होतं. खरं तर शिबिराची वेळही तुम्हीच भरतीवर बसवली होतीत. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आमच्या कागदावरचे 'सकाळी दहा' दुसऱ्याच दिवशी निरुपयोगी ठरले असते.

आमच्यातल्या एका मुलीला बोटीत कणकण आणि खोकला सुरू झाला, तिला तुम्ही वस्तीत येऊ दिलं नाहीत. ती हिरमुसली, एकदोघांनी नाकं मुरडली. मला पानुम आठवला. पीटर पानुम हा डॅनिश डॉक्टर 1846 साली फेरो बेटांवर गोवराची साथ पाहायला गेला होता. तिथे 65 वर्षं गोवर फिरकला नव्हता. तो बाहेरून आला आणि सुमारे 7,800 वस्तीतले 6,000हून जास्त लोक आजारी पडले. 1781च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता ती म्हातारी माणसं तेवढी सुटली. बेटाला समुद्र राखतो तो असा, रोग येईपर्यंत. आलेल्या पाहुण्याला दाराबाहेर थांबवायला धीर लागतो, त्यातून पाहुणा मदतीला आलेला असेल तर फारच.

चष्म्यांचं काम तुम्ही इतक्या सहज केलंत की तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही. जवळचं दिसतं का, हे पाहायला आमच्याकडे अक्षरांचा तक्ता. निम्म्या लोकांना तो वाचता येईना आणि तसं सांगायला ते लाजत होते. तुम्ही सुई-दोरा आणलात. "ओवा." दोरा जाईना, तर पुढचा चष्मा. +1.50, +2.00, +2.50. जाळं विणणारे एक काका दोरा ओवल्यावर ती सुई परत द्यायलाच तयार नव्हते!

त्या गरोदर बाईंबद्दल फार लिहीत नाही, कारण वर सांगितलंच. रक्तदाब 160/110, डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे. डॉक्टरांनी झटके टाळणारं मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन भरायला घेतलं तेव्हाच तुम्ही दारामागचा कागद पाहून कोणाला तरी पिटाळलंत. कागदावर महिनाभराच्या पाळ्या होत्या: कोणाची होडी, सोबत कोणती बाई, घरी मोठ्या मुलांना कोण पाहणार. इंजेक्शन देऊन होईतो होडी लागली होती. थॅडियस आणि मेन या दोघींनी 1994 साली बाळंतिणींच्या मृत्यूंमागचे तीन विलंब मांडले: निर्णय घेण्यातला, पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. पहिल्या दोनांवर लोक परिषदा भरवतात. तुम्ही त्यांना एका कागदावर आणि चार खिळ्यांवर टांगून ठेवलंय.

शिबिरं नकोत असं मी म्हणणार नाही. डोळ्यांचा, दातांचा डॉक्टर वर्षातून एकदा येणं हेही थोडं नाही. पण रक्तदाब, मधुमेह, क्षय यांना रोजचं माणूस लागतं, आणि त्या माणसाला मानधन लागतं. तुमचं मानधन किती महिने थकलंय हे तुम्ही बोलला नाहीत, होडीवाल्याने सांगितलं. आभार मानून ते भरून निघत नाही. अहवाल मंजूर होण्याच्या बैठकीत मी आणि दोन डॉक्टरांनी तो मुद्दा लेखी मांडलाय, उत्तर आलं की कळवतो. तुमच्या नावाची ओळही दुरुस्त करायला सांगणार होतो, पण मग आठवलं, नाव तुम्हालाच नकोय. पदाचा उल्लेख तरी नीट करतील.

पुढच्या फेरीबरोबर +2.50 चे चष्मे जास्त पाठवतोय, ते पहिल्यांदा संपले होते. रक्तदाबाच्या गोळ्या एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या पाकिटात मिळवल्यात, मुदत दीड वर्षाची आहे. तुमची वही भरत आली होती, म्हणून तशाच आखणीच्या चार वह्या छापून घेतल्या. 'आणायला कोण जाणार' हा रकाना थोडा रुंद केलाय, कारण तिथे तुम्हाला नेहमी दोन नावं लिहावी लागतात. आणखी काही बदल हवा असेल तर होडीवाल्याकडे निरोप द्या, दुसरी खेप छापायची आहेच.

आपला,
औषधांच्या टेबलावरचा स्वयंसेवक