फुकटच्या डेटाबेसवर पतसंस्थेने भरवसा ठेवावा का?

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, पतसंस्थेच्या नव्या संगणकप्रणालीचे दरपत्रक तुम्ही पाठवलेत आणि त्याखाली एकच प्रश्न विचारलात, की जी वस्तू फुकट मिळते तिच्यावर सभासदांच्या ठेवींचा हिशेब सोपवणे शहाणपणाचे आहे का. फोनवर मी ‘काही काळजी करू नका’ एवढेच म्हणाले, परंतु जिल्हा बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाचे एवढ्याने समाधान होणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्या दरपत्रकात पोस्टग्रेस या ज्या फुकट डेटाबेसचे, म्हणजे नोंदी साठवून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे, नाव आहे, त्याच पोस्टग्रेसवर मी रोज काम करते. तेव्हा माझ्या नोकरीविषयी आईला ज्या शंका आहेत, त्यांचेही उत्तर याच पत्रात देते.

आधी मालकीचा मुद्दा, कारण तुमच्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे. पोस्टग्रेसची सुरुवात १९८६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत, मायकेल स्टोनब्रेकर या प्राध्यापकांच्या संशोधन प्रकल्पातून झाली. पुढे १९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन या तिथल्याच दोन विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल या, डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या, भाषेची जोड दिली, १९९६ मध्ये त्याचे नाव पोस्टग्रेसक्यूएल झाले आणि तेव्हापासून जगभरचे अभियंते मिळून ते सांभाळत आले आहेत. त्याचा परवाना जेमतेम पानभर आहे. कोणीही वापरावे, बदलावे, वाटावे, विकावेसुद्धा, आणि त्यासाठी कोणाला काही देणे लागत नाही. मात्र नुकसान झाल्यास विद्यापीठ जबाबदार राहणार नाही, हेही त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे. बाबा, हे दुसरे कलम लक्षात ठेवा, करारनाम्याच्या वेळी त्याचे काम पडेल.

मालक असला की काय होऊ शकते, ते मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या बाबतीत दिसले. मायकेल विडेनियस या फिनलंडच्या गृहस्थांनी आपल्या थोरल्या मुलीचे ‘माय’ हे नाव त्याला दिले होते. त्यांची कंपनी २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने शंभर कोटी डॉलरला घेतली, २०१० मध्ये सनच ओरॅकल या आणखी मोठ्या कंपनीच्या पोटात गेली, आणि दरम्यान विडेनियस यांनी त्याच कोडवरून, म्हणजे मूळ प्रोग्रामवरून, दुसरा डेटाबेस उभा करून त्याला धाकट्या मुलीचे, मारियाचे, नाव दिले. (आई, या बापाला तिसरी मुलगी असती तर काय झाले असते, असे आम्ही ऑफिसात गमतीने म्हणतो.) मायएसक्यूएल आजही व्यवस्थित चालते, पण ते कोणाच्या हाती जावे याचा निर्णय वापरणाऱ्यांच्या हातात नव्हता. पोस्टग्रेसचे एक मध्यवर्ती मंडळ आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक सभासद एकाच कंपनीचे नोकर असू नयेत, असा दंडक आहे. २०२० मध्ये पोस्टग्रेसवरच धंदा चालणाऱ्या ईडीबी या कंपनीने सेकंडक्वाड्रंट ही तशीच दुसरी कंपनी विकत घेतली आणि मंडळाच्या पाचांपैकी तिघे एका रात्रीत एकाच कंपनीचे झाले. तेव्हा कोणाला राजीनामा न मागता, बाहेरचे दोघे घेऊन मंडळ सात जणांचे करण्यात आले. सहकारातली मंडळे तुम्ही जवळून पाहिली आहेत, त्यामुळे या दंडकाची किंमत मी तुम्हाला सांगायला नको.

मग पगार कोण देते, हा आईचा प्रश्न. ज्यांचा धंदा या डेटाबेसवर चालतो, तेच देतात. मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, फुजित्सू, ईडीबी अशा कंपन्यांनी पोस्टग्रेसचे अभियंते नोकरीला ठेवले आहेत आणि ईडीबीचे तर पुण्यातही मोठे कार्यालय आहे. माझी कंपनी त्यांच्या मानाने लहान आहे, पण वाट तीच: ग्राहकांचे डेटाबेस सांभाळण्याचे पैसे घ्यायचे आणि त्यातला काही वेळ आम्हाला मूळ प्रकल्पासाठी द्यायचा. त्यामुळे आई, मी ‘फुकटात राबते’ असे मावशीला सांगणे आता थांबवलेस तरी चालेल.

हा वेळ कसा जातो, ते जरा सविस्तर सांगते, कारण भरवशाचा खरा उगम तिथे आहे. पोस्टग्रेसमध्ये बदल सुचवण्याचा अधिकार सर्वांना आहे, परंतु तो मूळ कोडमध्ये घालण्याचा अधिकार जगभरात मिळून तिसेक जणांनाच आहे. सुचवलेल्या बदलाला आम्ही पॅच म्हणतो. जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च या महिन्यांत ‘कमिटफेस्ट’ असतो, म्हणजे त्या महिन्यात नवे लिहिण्यापेक्षा इतरांनी लिहिलेले तपासण्याला महत्त्व असते, आणि ज्याने स्वतःचा पॅच पाठवला आहे त्याने दुसऱ्याचा तपासावा अशी अपेक्षा असते. व्हॅक्यूम नावाच्या साफसफाईच्या प्रक्रियेतील (तिच्याविषयी पुढे सांगते) एका संदेशाविषयीचा माझा छोटासा पॅच तिथे गेला तेव्हा जपानमधल्या एकाने त्यासोबत चाचणी कुठे आहे असे विचारले, युरोपातल्या एकीने मजकूर अनुवादकांना अडचणीचा होईल असे दाखवून दिले, आणि ‘रिटर्न्ड विथ फीडबॅक’, म्हणजे ‘सूचनांसह परत’, असा शेरा घेऊन तो परत आला. दुरुस्त करून पुढच्या फेरीत पाठवला, तेव्हा तो स्वीकारला गेला. त्या बदलाच्या नोंदीत लेखक म्हणून माझे नाव आहे, तपासणारे म्हणून त्या दोघांची नावे आहेत आणि झालेल्या सगळ्या चर्चेचा दुवाही आहे. आणखी वीस वर्षांनी कोणाला वाटले की ही ओळ अशी का लिहिली, तर त्याला उत्तर सापडेल.

आई, परके लोक चारचौघांत चुका काढतात तेव्हा वाईट वाटत नाही का, असे तू विचारले होतेस. पहिल्यांदा वाटले. परंतु टॉम लेन यांच्यासारख्या माणसाचेही म्हणणे तिथे असेच तपासले जाते, हे पाहिल्यावर ते गेले. हे गृहस्थ १९९८ पासून पोस्टग्रेसवर काम करत आहेत आणि त्याआधी जेपेग चित्रांसाठी जगभर वापरले जाणारे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या गटाचे ते प्रमुख होते. नातवाचे फोटो तू रोज पाहतेस, त्यामागेही त्या कामाचा वारसा आहे. माणसांच्या तपासणीनंतर यंत्रांची तपासणी होते. स्वयंसेवकांनी आपापल्या घरी-दारी चालवलेले संगणक, कोणी जुना, कोणी वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचा, प्रत्येकाला प्राण्याचे नाव, असा एक ‘बिल्डफार्म’ आहे, आणि प्रत्येक बदलानंतर त्या सगळ्यांवर चाचण्या चालतात.

आता बाबा, तुमच्या कामाचे. बँकेत तुम्ही आधी रोजकीर्द लिहीत होतात आणि मग खतावणी करत होतात, आणि खतावणीचे पान फाटले तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येत असे. पोस्टग्रेस नेमके हेच करते. प्रत्येक बदलाची नोंद आधी ‘राइट-अहेड लॉग’ नावाच्या फायलींत होते, ती डिस्कवर पक्की उतरल्याशिवाय ‘व्यवहार पूर्ण’ असे उत्तर जात नाही, आणि वीज गेली तर सुरू होताना त्या नोंदी वाचून खाती जुळवली जातात. खात्यातली जुनी शिल्लकही लगेच खोडली जात नाही, शेजारी नवी लिहिली जाते. म्हणूनच तुम्ही आत बसून अहवाल काढत असताना बाहेर खिडकीवर भरणा अडत नाही. निरुपयोगी झालेल्या जुन्या ओळी नंतर ‘व्हॅक्यूम’ नावाची प्रक्रिया आवरते. हे आवरणे पुष्कळ हलके करणारी सुधारणा २००८ मध्ये ८.३ या आवृत्तीत आली आणि त्या आवृत्तीच्या नोंदीत तिच्यापुढे एका भारतीय अभियंत्याचे नाव आहे, याचा मला उगीचच अभिमान वाटतो.

दोष निघतच नाहीत, असे मात्र मी म्हणणार नाही. २०१८ मध्ये एक गंभीर दोष उघडकीस आला. मजकूर डिस्कवर उतरवला की नाही, हे पोस्टग्रेस लिनक्सला, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीला, विचारते. एकदा ‘उतरला नाही’ असे उत्तर आले तर ते पुन्हा विचारत असे, आणि दुसऱ्यांदा ‘उतरला’ असे उत्तर आले की निश्चिंत होत असे. प्रत्यक्षात लिनक्स पहिल्या अपयशानंतर तो मजकूर लिहायचा राहिला आहे हेच विसरत असे, त्यामुळे दुसरे उत्तर खोटे ठरू शकत होते. ही समजूत सुमारे वीस वर्षे कोडमध्ये होती. तिच्यावरची सगळी चर्चा, लिनक्सच्या अभियंत्यांशी झालेल्या वादांसह, उघड्यावर झाली आणि फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांत वागणूक बदलली: आता असे अपयश आले की पोस्टग्रेस ताबडतोब थांबते आणि लॉगवरून सगळे पुन्हा उभे करते. बंद दाराआड हे मिटवले असते तर तुम्हाला-मला कधी कळलेही नसते. माझा भरवसा आहे तो या वागण्यावर.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेच आहे, पण ते पोस्टग्रेसपुरते. दरपत्रक देणाऱ्या कंपनीविषयी मला तसे म्हणवत नाही. दुसऱ्या पानावर ‘डेटाबेस परवाना शुल्क’ अशी ओळ आहे, ती काढायला सांगा. बसवण्याचे आणि सांभाळण्याचे पैसे त्यांनी अवश्य घ्यावेत, पण परवान्याला शुल्कच नाही. त्याखाली आवृत्ती ९.६ लिहिली आहे. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात, आणि ९.६ ची मुदत नोव्हेंबर २०२१ मध्येच संपली. नवी प्रणाली घेताना १७ किंवा १८ मागा. १८ मध्ये डिस्कवरचा मजकूर बिघडल्यास तो ओळखण्याची सोय सुरुवातीपासूनच चालू असते. ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे आपोआप होणारे व्हॅक्यूम, बंद केलेले नाही ना, हेही विचारा, कारण वेग वाढेल या समजुतीने काही जण ते बंद करतात आणि वर्षभरात डेटाबेस फुगतो. नुकसानीची जबाबदारी मूळ परवान्यात कोणीच घेतलेली नसल्यामुळे ती करारनाम्यात या कंपनीच्या नावावर लेखी हवी.

बॅकअप रोज होतो, असे ते सांगतील. तो कुठे ठेवतात, एवढ्यावर समाधान मानू नका. दुसऱ्या संगणकावर, तुमच्यासमोर, त्या बॅकअपवरून डेटाबेस उभा करून दाखवायला सांगा, त्यात गेल्या ३१ मार्चची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, काढायला लावा आणि ती लेखापरीक्षकांनी सही केलेल्या तेरजेशी स्वतः पडताळून पाहा. त्यांची उत्तरे आली की मला कळवा, करारनाम्याचा मसुदा मी वाचून देईन. मार्चचा कमिटफेस्ट चालू असल्यामुळे सध्या रात्री उशिरापर्यंत जागी असते, तेव्हा फोन कधीही करा.

तुमची,
लेक