दुधाच्या पिशवीचे पन्नास पैसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्लास्टिकला पर्याय ठरू शकणाऱ्या वस्तूंविषयी अलीकडे बरेच वाचायला मिळते. उसाच्या चिपाडाच्या ताटल्या, मक्याच्या स्टार्चपासूनच्या पिशव्या, जपानमधील साकाई येथे सापडलेला व 2016 मध्ये जगासमोर आलेला, पाण्याच्या बाटल्यांचे ‘पेट’ प्लास्टिक पचवणारा जिवाणू, या सगळ्यांचे कौतुक जरूर व्हावे. मात्र जे काम कोणत्याही नव्या शोधाची वाट न पाहता आजच होण्याजोगे आहे, ते महाराष्ट्राने कागदावरच ठेवले आहे, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

राज्य सरकारने 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा दुधाच्या पिशव्यांना सूट देताना काही अटी घातल्या होत्या. पिशवी 50 मायक्रॉनपेक्षा जाड असावी, तिच्यावर परत खरेदीची किंमत छापावी, ती किमान 50 पैसे असावी आणि रिकाम्या पिशव्या परत घेण्याची सोय दूध संघ व विक्रेत्यांनी करावी. पुढे 2019 मध्ये ही योजना लवकरच अमलात येईल, असे विधानसभेत सांगण्यातही आले. आमच्या भागात तरी रिकामी पिशवी देऊन कुणाच्या हातावर पन्नास पैसे पडल्याचे ऐकिवात नाही.

या एका पिशवीचा एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. पुनर्प्रक्रियेच्या दृष्टीने तिच्याइतकी सरळ वस्तू घरात दुसरी क्वचितच सापडेल. ती सबंध पॉलिथिलीन या एकाच प्लास्टिकची असते, त्यामुळे धुऊन, वितळवून तिचा दाणा, म्हणजे नव्या वस्तूंसाठीचा कच्चा माल, करता येतो. याउलट वेफर्सच्या पुडीत वेगवेगळ्या प्लास्टिकचे पापुद्रे आणि ॲल्युमिनियमचा मुलामा असे एकमेकांना चिकटवलेले असते की ते सुटे करणे परवडत नाही. भंगारवाला ती हातात घेत नाही आणि गोळा झालीच, तर बहुधा सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जाते. दुधाच्या पिशवीचे घोडे अडते ते कात्रीपाशी. आपण कोपरा पूर्ण कापतो आणि नखाएवढा त्रिकोण ओट्यावरून केरात किंवा मोरीत जातो. तो वेचणे कोणत्याही कचरावेचक ताईला शक्य नाही. तिरपी चीर देऊन तुकडा पिशवीलाच लोंबता ठेवला, पिशवी विसळून वाळत टाकली, की निम्मे काम घरीच झाले. पण पैसे परत मिळणार नसतील, तर सकाळच्या घाईत ही उठाठेव किती घरांत होणार?

नव्या पर्यायांबाबतही थोडे तारतम्य हवे. ‘कंपोस्टेबल’ असा शिक्का असलेली पिशवी कुंडीत पुरली की महिन्याभरात खत होईल, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः ती मोठ्या खतप्रकल्पातील साधारण 58 अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून तपासलेली असते. दिसायला ती साध्या पिशवीसारखीच असल्याने भंगारात मिसळली, तर चांगल्या मालाचा दाणाही बिघडवते. चहाच्या कागदी कपाला आतून पॉलिथिलीनचा थर असतो, हेही ग्राहकाला कोणी सांगत नाही. त्यापेक्षा आपली पळसाची पत्रावळ खरी, पण तिच्यातून दूध घरी आणता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

केंद्राच्या 2022 च्या नियमांनी 2025-26 पासून आवेष्टनांत (पॅकिंगमध्ये) पुनर्वापरित प्लास्टिकचे किमान प्रमाण बंधनकारक केले: बाटल्या-डब्यांसारख्या कडक आवेष्टनांत 30 टक्के, पिशव्यांसारख्या लवचीक आवेष्टनांत 10 टक्के. खाद्यपदार्थांच्या आवेष्टनांना काही सवलती असल्या, तरी स्वच्छ, एकजातीय दाण्याला मागणी राहणार हे यातून दिसते. असा माल उकिरड्यातून वेचून मिळत नाही. तो घरातूनच वेगळा निघावा लागतो.

म्हणून पर्यावरण विभागाने 2018 च्या अटीचे पुढे काय झाले, हे जाहीर करावे. पन्नास पैशांत आज कोणी हलत नाही, तेव्हा ती रक्कम निदान दोन रुपये करावी आणि सुरुवात एखाद्या शहरातील दूधकेंद्रांपासून करावी. रोज पहाटे भरलेले क्रेट उतरवून रिकामे क्रेट परत नेणाऱ्या टेम्पोतूनच या पिशव्याही जाऊ शकतील. त्या मोजून व बांधून ठेवण्याचे काम परिसरातील कचरावेचकांना देऊन त्याचा मोबदला दूध संघांनी द्यावा.

आपला,
एक वाचक, पुणे