सुमन-निवासची हाक

गोरेगाव, मुंबई
रविवार, रात्री

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "वायफायचं नावच लपवून टाकलं, आता कोणाला दिसायला नको." तेवढ्यात दादर आलं, गर्दीत फोन कटला आणि माझं बोलणं राहिलं. मला ते खुपतंय, म्हणून लिहितो.

राउटर सेकंदाला जवळजवळ १० वेळा हाळी देतो, साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी. तिला बीकन म्हणतात. आपलं नाव, चॅनल, झेपणारे वेग, सुरक्षेचा प्रकार असं बरंच काही त्यात असतं. आपल्या चाळीत कोळीण जिन्यापासूनच "बोंबील, पापलेट" करत यायची, कोणी दार उघडो न उघडो. अगदी तसंच. नाव लपवलंस तरी हाळी चालूच राहते, फक्त नावाची जागा रिकामी जाते.

मग तुझ्या फोनला घर ओळखू कसं येणार? त्यालाच तुझ्या वायफायचं, आजीवरून ठेवलेलं नाव घेऊन विचारत सुटावं लागतं, "सुमन-निवास आहे का?" हा प्रश्न उघड्यावर जातो, आणि राउटरही उत्तरात नाव सांगून टाकतो. लॅपटॉप घेऊन ऐकत बसलेल्याला ते सहज मिळतं. वाईट याचं वाटतं की बरेच फोन हा प्रश्न घराबाहेरही विचारतात. विरार फास्टमध्ये, परळच्या ऑफिसात, चहाच्या टपरीवर. जे आजीचं नाव चार भिंतींपुरतं होतं, ते तुझा खिसा मुंबईभर पुकारत फिरतोय.

आणि कोणी खोटंच "मीच सुमन-निवास" म्हणून उभा राहिला तर? पासवर्ड माहीत नसेल तर तुझा फोन त्याला खरा मानणार नाही. पण डब्ल्यूपीए२ (वायफायच्या सुरक्षेचा जुना प्रकार) असेल तर जोडणीच्या वेळच्या देवघेवीचा नमुना त्याच्या हाती लागतो आणि तो घरी बसून पासवर्डचे अंदाज लावू शकतो. चिंगीची जन्मतारीख पासवर्ड म्हणून किती वेळ टिकेल? डब्ल्यूपीए३ या नव्या प्रकारात असं घरबसल्या अंदाज लावणं चालत नाही. तुझ्या राउटरवर ती सोय आहे का, ते बघ.

तेव्हा नाव पुन्हा दिसू दे, पासवर्ड चांगला लांबलचक ठेव. आणि हे विसरू नकोस: तुझ्या आणि वहिनींच्या फोनमधून जुनं नेटवर्क काढून टाक, मग नव्याने जोड. नाहीतर राउटर सुधारेल, पण फोन गाडीत हाका मारतच राहील.

तुझा,
बाळ्या