खाटा वाढवा, पण आधी डोसची खोली सावरा

महोदय,

गर्दविषयीच्या बातमीच्या शेवटी हल्ली एक मागणी ठरलेली असते : व्यसनमुक्तीच्या खाटा वाढवा. मागणी चूक नाही. पण सरकारी रुग्णालयातल्या ओएसटी केंद्रात, म्हणजे गर्दचं इंजेक्शन घेणाऱ्यांना रोज औषधाचा डोस मिळतो त्या खोलीत, मी परिचारिका म्हणून काम केलं आहे. माझ्या मते आधी त्या खोलीचा कारभार सुधारायला हवा.

खाटेवर माणूस दोन-तीन आठवडे राहतो, टर्की, म्हणजे नशा तुटल्यावर होणारा त्रास, उतरते, घरचे पेढे वाटतात. तोवर नशा पचवण्याची शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर पडून त्याने पूर्वीच्याच मापाने नशा केली तर श्वास थांबून जीव जाऊ शकतो. म्हणून अनेकांना औषध पुढे कित्येक महिने, काहींना वर्षानुवर्षं लागतं. या उपचारातली ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही औषधं २००५ सालापासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. तरीही ‘एक नशा सोडवून दुसरी लावता’ हे मी नातेवाइकांकडून ऐकलं, वॉर्डबॉयकडून ऐकलं आणि एखाद्या डॉक्टरकडूनही!

आता खोलीतलं काम सांगते. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी गिळायची नसते. ती जिभेखाली विरघळायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ माणसाला समोर बसवायचं, बोलू द्यायचं नाही, तोंड उघडून बघायचं, मग वहीत सही. गोळी गालात दडवून बाहेर नेली तर विकली जाते, कुणी पाण्यात कालवून टोचूनही घेतो. रोज ऐंशी-शंभर माणसं आणि परिचारिका एक, असं गणित मांडून बघा. साठ्याचा हिशेब गोळीन् गोळी तिनेच जुळवायचा, कपाटाची किल्ली तिच्याकडे, रविवारीही तीच, कारण टर्कीला साप्ताहिक सुट्टी नसते. ती आजारी पडली की वॉर्डातून कुणाला तरी धाडतात. नव्या माणसाला पहिली गोळी टर्की सुरू झाल्यावरच द्यायची, हे त्या बिचारीला कुणी सांगितलेलं नसतं. गर्द अंगात असताना ही गोळी जिभेखाली विरघळली, तर तीच टर्की आणते. असा माणूस पुन्हा केंद्राची पायरी चढत नाही आणि चार जणांना येऊ नका म्हणून सांगतो.

वेळेचंही तसंच. नाका कामगार सकाळी सात-साडेसातला नाक्यावर उभा राहतो आणि आमची खिडकी उघडायची ओपीडीबरोबर, नऊला. डोस घेतला तर रोजी बुडते, रोजी धरली तर डोस. अशा माणसाच्या केसपेपरवर ‘अनियमित’ असा शेरा पडतो! खिडकी सातला उघडायला नवी इमारत लागत नाही, पाळ्या लावाव्या लागतात. करोनाच्या टाळेबंदीत काही दिवसांचे डोस घरी न्यायची मुभा मिळाली होती. स्थिरावलेल्या रुग्णाला ती एरवीही मिळायला हवी, त्याने खोलीतली गर्दीही कमी होते.

समुपदेशकाचा निम्मा वेळ रांग सांभाळण्यात आणि रजिस्टरं भरण्यात जातो. सलग काही दिवस न फिरकलेल्या माणसाला पुलाखाली, स्टेशनामागे जाऊन शोधणारा क्षेत्र कार्यकर्ता मात्र या सगळ्यात खरा मोलाचा. बहुतेकदा तो स्वतः या वाटेवरून गेलेला असतो, आणि मानधन त्यालाच सगळ्यात कमी. कंत्राट संपलं की तो जातो आणि त्याच्या ओळखीचे रुग्णही येईनासे होतात. त्याच इमारतीत क्षयरोगाची, एचआयव्हीची तपासणी असते; पण हाताला धरून त्या दारापर्यंत नेणारा हाच. चिठ्ठी लिहून दिल्याने कुणी जात नाही.

शिवाय, नॅकोची, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, ही केंद्रं एचआयव्ही रोखण्यासाठी निघाली. त्यामुळे दार उघडतं ते टोचून घेणाऱ्याला, पन्नीवर गर्द तापवून धूर ओढणाऱ्याला नाही. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९मध्ये आला. त्यात देशभरात टोचून नशा करणारे सुमारे साडेआठ लाख, तर अफू-गर्द वर्गातल्या नशेसाठी मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख असा अंदाज होता. पंजाबने २०१७पासून बाह्यरुग्ण केंद्रं उघडून टोचणाऱ्यांबरोबर ओढणारे, खाणारे यांनाही हेच औषध द्यायला सुरुवात केली. तिथेही रांगा आणि गोळ्या बाहेर जाण्याच्या तक्रारी आहेत, हे खरं. पण आपल्याकडे पन्नीवाल्याला ‘टोचायला लागलास की ये’ असं सांगितल्यासारखंच होतं.

तेव्हा नव्या खाटांचा प्रस्ताव करणाऱ्यांनी त्यातच प्रत्येक केंद्राला दोन प्रशिक्षित परिचारिकांची कायम पदं, क्षेत्र कार्यकर्त्याला वेळेवर पगार आणि सकाळी सातची पाळी या गोष्टी घालाव्यात. इमारत दुरुस्तीच्या निविदेची वाट बघण्याचं कारण नाही. पाळीचा आदेश रुग्णालय प्रमुखांच्या सहीने निघू शकतो.

– एक निवृत्त परिचारिका, मुंबई