छपराचं गणित कागदावर आधी सुटू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकावर अख्खी इमारत उभी करता येते, मग विद्यार्थ्यांना कागदावर छप्पर उलगडायला लावायचं कशाला, असं आता शिकवणारेही म्हणू लागले आहेत. मी वास्तुविशारदाच्या कार्यालयात मॉडेलिंग करते. दोन-तीन उतरती छपरं एकमेकांत शिरतात अशा इमारती सतत माझ्याकडे येतात, आणि म्हणूनच या मताला माझा ठाम विरोध आहे.

समजा, ८ मीटर रुंदीच्या मुख्य छपराला ६ मीटर रुंदीचं छप्पर काटकोनात येऊन मिळतं. दोघांचा उतार १:२, म्हणजे दोन मीटर आडवं गेल्यावर एक मीटर चढ. त्यामुळे भिंतीच्या माथ्यापासून मोठं आढं, म्हणजे मोठ्या छपराची सगळ्यांत वरची कड, २ मीटर उंच, धाकटं दीड मीटर. धाकटं आढं मोठ्या छपराच्या पाख्याला, म्हणजे उतरत्या बाजूला, मोठ्या आढ्याच्या अर्धा मीटर खाली भिडतं आणि दोन छपरं मिळतात तिथली खोलगट रेघ, म्हणजे व्हॅली, नकाशात बरोबर ४५ अंशांत धावते. इथवर सगळं सरळ. मग कुणीतरी म्हणतं, दोन्ही आढी एका उंचीवर हवीत, समोरून बरं दिसतं. रेव्हिट या इमारतींचं मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये धाकट्या छपराचा उतार बदलायला क्षणही लागत नाही. पण तो उतार आता २:३ होतो, व्हॅली ४५ अंश सोडते, आणि भिंतीबाहेर अर्धा मीटर काढलेल्या वळचणी एका पातळीत राहत नाहीत. मोठ्या छपराची वळचण २५ सेंटिमीटर खाली येते, धाकट्याची ३३. मग कोपऱ्यावरून पन्हळ सलग कशी फिरवायची? वळचणी जुळवण्याचं साधन रेव्हिटमध्ये आहे, पण उंची बदलायची की बाहेर काढलेला भाग, हे ठरवायचं आपल्यालाच. रुंदी वेगळी असेल तर उतार, आढ्याची उंची आणि वळचण हे सगळं सारखं ठेवता येत नाही. कशावर तरी पाणी सोडावंच लागतं. हा निर्णय रचनाकाराचा आहे. तो न घेताच मॉडेल पुढे जातं आणि प्रश्न बांधकामावरच्या माणसाच्या गळ्यात पडतो.

व्हॅलीबद्दल तर मला कळकळीने सांगायचं आहे. १:२ उताराचं पाखं साधारण २६.६ अंशांचं असतं. अशाच दोन पाख्यांमधली व्हॅली मात्र १९.५ अंशांचीच भरते, कारण ती तिरकी जाते: ३ मीटर आत, ३ मीटर आडवी, आणि चढते दीडच मीटर. तिची खरी लांबी साडेचार मीटर. म्हणजे दोन्ही पाख्यांचं पाणी जिथे एकत्र येतं, तिथेच उतार सगळ्यांत कमी! कौलांना किंवा पत्र्याला किमान उतार किती लागतो हे तपासताना आपण पाख्याचा आकडा बघतो. व्हॅलीचा क्वचितच कुणी बघतं. पडद्यावर ती नुसती एक रेघ असते.

रेव्हिटमध्ये दोन छपरं ‘जॉइन’ केल्यावर, म्हणजे जोडल्यावर, सांधा सुबक दिसतो, हीसुद्धा फसगतच. धाकटं छप्पर मोठ्याच्या पृष्ठभागापर्यंत लांबतं खरं, पण खालचं मोठं छप्पर अखंडच राहतं. आतून जागा मोकळी हवी असेल तर तिथलं छप्पर वेगळं कापावं लागतं. ते राहून गेलं, तर वरच्या उदाहरणात भिंतीच्या आतलंच धरलं तरी सुमारे १० चौरस मीटर नको असलेलं छप्पर मापांच्या तक्त्यात शिरतं, आणि तिथून सामानाच्या मागणीत.

फ्रेंच गणितज्ञ गास्पार मोंज यांनी १७९५ मध्ये पॅरिसमध्ये वर्णनात्मक भूमितीची व्याख्यानं दिली. एका पृष्ठभागाला दुसरा कुठे छेदतो आणि तिरक्या रेषेची खरी लांबी किती, हे कागदावर काढण्याची रीत त्या विषयात आहे, आणि छपराचं सगळं काम त्यावरच चालतं. महाविद्यालयांना माझी विनंती आहे की प्रत्येक विद्यार्थ्याकडून निदान एक छेदणारं छप्पर हाताने सोडवून घ्यावं, असमान रुंदीचं आणि असमान उताराचं, व्हॅलीच्या खऱ्या लांबीसकट. मग खुशाल संगणक द्यावा. मी स्वतः दिवसभर त्यावरच असते आणि मला ते काम मनापासून आवडतं. कार्यालयांनीही छपराच्या नकाशावर प्रत्येक आढ्याची व वळचणीची पातळी आणि प्रत्येक व्हॅलीचा उतार आकड्यांत लिहावा. वासे कापणाऱ्या कारागिराला रंगीत त्रिमितीय चित्राचा उपयोग नसतो, त्याला लांबी आणि कोन लागतो.

आपली विश्वासू,
एक मॉडेलर