ग्रिल निवडून दिलंत, काका, त्याबद्दल

आदरणीय काका,

सादर नमस्कार. फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "बरं बरं, पुढचं बोल" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. छोटं सिरॅमिकचं कोळशाचं ग्रिल घ्यायचं का, नवं की वापरलेलं, अशा विचारात असलेल्या आणखी कुणाच्या हाती हे पत्र पडलं तर तुमचं सांगणं त्यांच्याही कामी येईल.

मला ग्रिल हवं होतं ते भरतासाठी. आमच्याकडे जळगावला हिवाळ्यात वाळलेल्या पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या काड्यांवर, हिरवी वांगी भाजतात, मग लसूण-मिरचीसोबत बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, कुटतात. अटलांटात पऱ्हाट्या कुठून आणणार? गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो वास येत नाही. इथे १९७४ पासून बिग ग्रीन एग या अंड्याच्या आकाराची सिरॅमिक ग्रिल विकणाऱ्या कंपनीचं माहेरघर, दर चौथ्या अंगणात ते हिरवं अंडं दिसतं, तेव्हा छोटं एखादं घेऊ असं मनात आलं आणि तुम्हाला फोन केला. कुठल्या कंपनीचं घेऊ, हा माझा पहिला प्रश्न. तुम्ही उलट विचारलंत, "अगं, उचलणार कोण ते आधी सांग."

त्या एका प्रश्नाने सगळी निवड सरळ झाली. बिग ग्रीन एगच्या 'मिनी'ची जाळी १० इंचांची आणि वजन सुमारे १८ किलो. 'मिनीमॅक्स'ची जाळी १३ इंचांची, पण वजन जवळजवळ ३५ किलो. कमाडो जो या दुसऱ्या कंपनीच्या 'ज्युनिअर'ची जाळीही साडेतेरा इंचांची. दुकानाच्या पाटीवर सगळीच 'पोर्टेबल'. दोन-तीन तासांसाठी पार्कात न्यायला यातलं एकही बरं नाही, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. सिरॅमिक तापायला वेळ घेतं तसंच निवायलाही. झडपा बंद केल्या तरी कित्येक तास ऊब धरून बसतं, आणि धुमसता कोळसा पोटात असलेलं ग्रिल गाडीत घालणं म्हणजे विषारी वायू सोबत घेऊन बसणं. दोन रात्रींचा कॅम्प असेल तर खुशाल न्या, आतली भांडी काढून वेगळी गोधडीत गुंडाळा, सकाळी पूर्ण गार झाल्यावरच उचला. आमचं फिरणं मुक्कामाचंच असतं आणि आम्ही उचलायला दोघं आहोत, म्हणून १३ इंची ठरलं. एकटीने उचलायचं असतं तर तुम्ही मला 'मिनी'च घ्यायला लावलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं.

नवं की वापरलेलं, यावर तुम्ही हिशेब मांडलात तोही मनात बसला. सिरॅमिकची लांबलचक वॉरंटी बहुधा पहिल्या खरेदीदारापुरती असते, दुसऱ्याच्या हाती ग्रिल गेलं की संपली. म्हणजे वापरलेलं घेताना किंमत तेवढी उतरलीच पाहिजे. दोनशे डॉलर वाचवण्यासाठी वॉरंटी सोडू नकोस, पण निम्म्यात मिळत असेल तर आपले डोळे हीच वॉरंटी.

आणि ते डोळे तुम्ही माझ्यासोबत पाठवलेत, नव्हे, स्वतः आलात. पहिलं ग्रिल बाहेरून इतकं चकचकीत होतं की मी पैसे काढायच्या बेतात होते. तुम्ही झाकण उघडलंत, विजेरी आत धरून घुमट निरखलात, मग बोटाच्या पेराने चहूकडून टकटक केलीत. सगळीकडे खणखणीत आवाज, एका जागी बद्द. तिथे केसाएवढी रेघ होती, आतून बाहेरपर्यंत गेलेली. मालकाला त्याची कल्पनाही नसावी. तुम्ही त्यांना ती रेघ दाखवलीत, नमस्कार केलात आणि आपण निघालो.

दुसऱ्या ग्रिलच्या आतलं कोळशाचं भांडं तर चक्क दुभंगलेलं होतं. मी नाक मुरडलं आणि तुम्ही म्हणालात, "हे घे!" आतलं भांडं तापून-निवून तडकतंच, दोन्ही तुकडे जागेवर बसतात तोवर काम देतं, आणि वेगळं विकतही मिळतं. घुमट आणि तळ मात्र अखंड हवेत. मग झाकण आणि तळ यांच्या मधल्या काठावरच्या फेल्टच्या पट्टीची परीक्षा: एक डॉलरची नोट मध्ये ठेवून झाकण लावायचं आणि ओढून बघायचं. जिथे नोट अलगद सुटून आली तिथून हवा आत शिरणार. एका बाजूला सुटली, तेवढ्यावर तुम्ही भाव आणखी खाली आणलात. नवं फेल्ट आपण दोघांनी मिळून चिकटवलं, ती दुपार मला फार आवडली.

वापरायचं कसं हेही तुम्हीच शिकवलंत. रॉकेलसारखं काही ओतून पेटवायचं नाही, सिरॅमिक तो वास शोषून घेतं. लाकडाचा ओबडधोबड कोळसा वापरायचा. ब्रिकेटची, म्हणजे भुकटी दाबून केलेल्या कोळशाच्या वड्यांची, राख फार, छोट्या ग्रिलची भोकं लगेच बुजतात. रसरसलं असताना झाकण एकदम उघडायचं नाही, आधी दोन बोटं उचलून हवा जाऊ द्यायची, नाहीतर ज्वाळा तोंडावर येते. वरची झडप आणि खालची खिडकी बंद केली की कोळसा विझतो आणि उरलेला पुढच्या खेपेला कामी येतो. काटकसरीच्या घरात वाढलेल्या मला या शेवटच्या गोष्टीचं केवढं सुख! अपार्टमेंटच्या लाकडी बाल्कनीत कोळसा पेटवायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, तेही तुम्हीच आधी विचारून घ्यायला लावलंत. म्हणून ग्रिल आता मैत्रिणीच्या अंगणात, फरशीवर असतं.

इथली जांभळी वांगी जाड सालीची, बियाळ. आपल्या हिरव्या वांग्याची सर नाही. तरी निखाऱ्यांवर झाकण लावून भाजली तेव्हा साल कोळशासारखी झाली आणि आतला गर लोण्यासारखा सुटला. धुराचा वास थेट गरात उतरला होता. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर ती म्हणाली, "कांद्याची पात घातलीस ना?" घातली होती, आणि शेंगदाणेही.

तुमचा एक अख्खा शनिवार गेला, गुडघा दुखत असताना तुम्ही वाकून विजेरी धरलीत, पेट्रोलचे पैसेही घेतले नाहीत. माझ्या कामासाठी इतकं कुणी आपणहून केलं की परदेशात राहणं सोपं होतं. मनापासून आभार, काका.

येत्या रविवारी काकूंना घेऊन जेवायलाच या. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ आईने पाठवलंय, भाकऱ्या मी करते. येताना तुमचे ते लांब बाह्यांचे हातमोजे तेवढे आणा, माझे अजून यायचे आहेत.

तुमची,
जळगावची लेक