नोंदणीचीही चाचणी शिकवावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकी महाविद्यालयांत सी भाषा शिकवताना कॉलबॅक (दुसऱ्या कोडने बोलवावे म्हणून त्याच्या हाती दिलेले फंक्शन) हा विषय बहुधा ‘क्यूसॉर्ट’ या क्रमवारी लावणाऱ्या फंक्शनच्या एका उदाहरणावर उरकला जातो. त्यात दिलेले फंक्शन तिथल्या तिथे वापरून संपते. आज नोंदवलेले फंक्शन पुढे केव्हातरी दुसऱ्याच कोडने बोलवायचे, हा खरा गुंतागुंतीचा प्रकार त्यात येतच नाही. त्यामुळे पुढे नोकरीत युनिट टेस्ट (कोडच्या छोट्या भागाची स्वतंत्र चाचणी) लिहिताना ‘कॉलबॅक एकदा चालला’ एवढे पाहूनच समाधान मानले जाते.

वास्तविक सी भाषेच्या १९८९ च्या मानकातच ‘अ‍ॅटएक्झिट’ या नोंदणी-फंक्शनचे उत्तम उदाहरण आहे. नोंदवलेली फंक्शन्स प्रोग्राम संपताना उलट्या क्रमाने चालतात, एकच फंक्शन दोनदा नोंदवले तर दोनदा चालते, किमान ३२ नोंदींची हमी असते आणि नोंद झाली नाही तर शून्येतर उत्तर मिळते. यातले प्रत्येक विधान तपासता येते. मात्र प्रोग्रामच संपत असल्याने युनिक्स प्रणालींवर ‘फोर्क’ने उपप्रक्रिया काढून, प्रत्येक फंक्शनने पाइपमध्ये (दोन प्रक्रियांमधल्या डेटावाहिनीत) आपले अक्षर लिहावे आणि मूळ प्रक्रियेने ते वाचावे, हा मार्ग सोयीचा. तिथेही अ, ब, अ असा क्रम नोंदवला तर तो उलटसुलट सारखाच दिसतो आणि टेस्ट काहीच सिद्ध करत नाही. अ, ब, ब नोंदवून ‘बबअ’ची अपेक्षा ठेवावी.

स्वतःच्या नोंदणी-फंक्शनची टेस्ट लिहिताना कॉलबॅकसोबत दिलेला व्हॉइड पॉइंटर (कोणत्याही प्रकारच्या डेटाचा पत्ता) जसाच्या तसा परत येतो का, नोंदींचा तक्ता भरल्यावर नवी नोंद नाकारताना जुन्या नोंदी शाबूत राहतात का, हे पाहायला हवे. सर्वांत दगाबाज प्रसंग म्हणजे कॉलबॅकने चालू असतानाच स्वतःची नोंद रद्द करणे: मागच्या नोंदी एक घर पुढे सरकतात, लूपचा निर्देशांक मात्र वाढतो आणि लगतचा कॉलबॅक गुपचूप वगळला जातो. एकच कॉलबॅक नोंदवणाऱ्या टेस्टला हा दोष कधीच सापडणार नाही. किमान दोन हवेत, आणि पहिल्याने स्वतःला काढायला हवे. शिवाय तक्ता स्टॅटिक (प्रोग्राम संपेपर्यंत टिकणारा) असल्यास प्रत्येक टेस्टपूर्वी तो रिकामा करावा लागतो, नाहीतर निकाल टेस्टच्या क्रमावर अवलंबून राहतात.

अभ्यास मंडळांनी प्रात्यक्षिकांत असा एक तरी प्रयोग ठेवावा आणि गुण कोडइतकेच टेस्टलाही द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक सॉफ्टवेअर अभियंता, पुणे